रानबदकांसाठी घरट्याच्या पेट्या: बसवणं, राखणं, दुरुस्त करणं. मराठवाड्यातल्या तळ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावतळं, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारा किंवा मातीचं शेततळं जवळ आहे आणि तिथे बदकांसाठी लाकडी पेटी लावली आहे किंवा लावायची आहे, अशांसाठी ही माहिती आहे. पेटी ठोकायला एक दुपार पुरते, राखण मात्र दरवर्षी करावी लागते. राखण न केलेली पेटी म्हणजे धामणीला आणि मुंगसाला अंडी कुठे आहेत ते दाखवून दिल्यासारखं होतं. म्हणून इथे ठोकण्यापेक्षा राखण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मराठवाड्यात कोणती बदकं पेटीत घरटं करू शकतात?

झाडाच्या ढोलीत अंडी घालणारी. आपल्याकडे अशी मुख्यतः तीन आहेत: अडई, काणूक आणि नाकेर, म्हणजेच नकटा. अडई तपकिरी, लांब मानेची, उडताना शीळ घालणारी. ती ढोलीत घरटं करते, कावळ्या-घारीच्या जुन्या घरट्यावर बसते आणि काही वेळा पाणकणसात जमिनीलगतही अंडी घालते. तिला जागेचे पर्याय चालतात, त्यामुळे पेटीत येण्याची पहिली आशा तिचीच धरावी. काणूक हे जगातल्या सर्वांत लहान बदकांपैकी एक. कमळ, शिंगाडा, पाणवनस्पती असलेलं शांत तळं त्याला लागतं. नाकेर मोठा पक्षी. नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असतो, त्यावरून ओळखू येतो. त्याला मोठी ढोली लागते आणि तो कमी दिसतो. तिघांचाही विणीचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर.

हिवाळ्यात जायकवाडीवर हजारो बदकं येतात. त्यांच्यासाठी पेट्या लावाव्यात का?

नाही. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चक्रांग हे पाहुणे आहेत. त्यांची वीण लडाख-तिबेट, मध्य आशिया, सायबेरिया या भागांत होते. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, ती खायला आणि विसाव्याला येतात. त्यांना हवं उथळ पाणी, चिखलाचे काठ आणि शांतता. हिवाळ्यात त्यांच्यासाठी करण्याजोगी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे काठावर कुत्री मोकळी न सोडणं.

आमच्या तळ्यावर वर्षभर हळदीकुंकू बदक असतं. ते पेटीत येईल का?

येणार नाही. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं हे बदक जमिनीवर, दाट गवतात घरटं करतं. त्याच्यासाठी काठावरचा १५-२० फुटांचा गवताचा पट्टा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत न कापता, न जाळता, जनावरं न चारता ठेवा. त्याला पेटीपेक्षा याचाच उपयोग.

काठावर जुनी पोकळ बाभूळ आहे. तरी पेटी लावायची का?

आधी ती बाभूळ वाचवा. जांभूळ, आंबा, चिंच, करंज, बाभूळ अशा जुन्या झाडांच्या ढोल्या या बदकांच्या खऱ्या जागा आहेत. जाड लाकडामुळे आत गारवा राहतो आणि त्याची बरोबरी एक इंची फळी करू शकत नाही. रस्ता रुंदीकरणात, बांध मोकळा करताना आणि सरपणासाठी सर्वांत आधी तोडली जातात ती हीच, ‘वाळकी, बिनकामाची’ झाडं. ढोली असलेलं झाड धोकादायक पद्धतीने झुकलं असेल तर वरच्या जड फांद्या छाटून वजन कमी करा आणि खोड उभं ठेवा. जुनी झाडं उरलीच नाहीत अशा तळ्यावर पेटीला अर्थ आहे. मराठवाड्यातले बहुतेक पाझर तलाव असेच उघडे आहेत.

पेटीचं माप काय? सुताराला काय सांगायचं?

अडईसाठी खालचं माप द्या. सगळी मापं इंचात आहेत, फळी एक इंच जाडीची.

समोरची फळी १४ × २२. मागची १४ × ३०, त्यातला खालचा ६ इंच भाग खांबाला बोल्ट मारण्यासाठी पेटीखाली शिल्लक राहतो. बाजूच्या दोन फळ्या १२ रुंद, मागच्या कडेला २४ आणि पुढच्या कडेला २२ उंच, म्हणजे छताला पुढे उतार मिळतो. तळ १२ × १२. छत १८ × १८, म्हणजे पुढे ४ आणि दोन्ही बाजूंना २-२ इंच बाहेर येतं. एकूण सव्वाबारा चौरस फुटांच्या आसपास लाकूड लागतं. कापण्यात वाया जाणारं धरून १५ चौरस फूट घ्या. जोडायला ८ नंबरचे दोन इंची स्क्रू दोन डझन. खिळे नकोत. उन्हा-पावसात फळी फुगते, आक्रसते आणि दुसऱ्या वर्षी खिळे बाहेर येतात. आत निघालेलं खिळ्याचं टोक बदकाच्या छातीला लागतं.

भोक आडवं लंबगोल, ५ रुंद आणि ४ उंच. भोकाचा मध्य तळापासून १६ इंचांवर. भोक याहून खाली घेतलं तर कावळ्याची चोच आणि मांजराचा पंजा अंड्यांपर्यंत पोहोचतो. तळ बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडेपासून अर्धा इंच वर बसवा, म्हणजे फळीवरून ओघळलेलं पाणी तळात मुरत नाही. तळाला ८ मिलिमीटरची पाच भोकं, आणि छताजवळ न उघडणाऱ्या बाजूला १५ मिलिमीटरची चार भोकं हवेसाठी.

साफसफाईचं दार म्हणजे एक बाजूची फळीच. तिला वरच्या टोकाशी पुढून एक आणि मागून एक असे समोरासमोर दोन स्क्रू मारले की ती त्यावर झुलते. खाली कडी घाला. ही फळी वरून अर्धा इंच कमी ठेवायला सांगा, नाहीतर छताला अडते आणि उघडत नाही. सुतार हे हमखास विसरतो. वर जी फट राहते तिचा हवेला उपयोगच होतो.

काणूकसाठी तळ आतून १० × १० आणि भोक ३ इंची गोल पुरे. नाकेरसाठी तळ १५ × १५, उंची ३० आणि भोक ६ इंची ठेवावं. पण त्या मापाच्या भोकातून मांजरही आरामात आत जातं, त्यामुळे खांबाची अडसर, म्हणजे शिकारी प्राणी वर चढू नयेत म्हणून लावलेला पत्रा-पाइप, पक्की असेल तरच ही पेटी लावा.

लाकूड कोणतं? रंग लावायचा का?

जुन्या वाड्याच्या किंवा दारांच्या सागवानी फळ्या मिळाल्या तर उत्तम. कडुलिंबाच्या फळ्या मराठवाड्यात कुठेही कापून मिळतात आणि वाळवीला टिकतात, मात्र ओल्या असताना जोडू नका. दोन-तीन महिने सावलीत वाळू द्या, नाहीतर बोटभर फटी पडतात. बाभूळ जड आहे आणि पिळते. पॅकिंगच्या देवदारी फळ्या स्वस्त पडतात, पण तीन-चार पावसाळेच काढतात. प्लायवूड वापरायचं तर पाण्यात टिकणारं १८-१९ मिलिमीटरचंच. भुशाचे दाबलेले बोर्ड पहिल्याच पावसात फुगतात.

आतून काहीही लावू नका. बाहेरून जवसाचं उकळलेलं तेल दोन हात किंवा फिका ऑइलपेंट, आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत, किमान महिनाभर, पेटी उन्हात ठेवा. ट्रॅक्टरचं जळकं काळं ऑइल लावण्याची आपल्याकडे सवय आहे. बदकांच्या पेटीला ते कधीही लावू नये. ते पिसांना लागलं की पिसांची पाणी न धरण्याची ताकद जाते. पिसांवरून ते अंड्याला लागलं तर थोड्याशा तेलानेही आतला जीव मरतो.

भोकाखाली आतून खाचा कशासाठी?

पिल्लं वर चढण्यासाठी. एका दिवसाच्या पिल्लाला तळापासून भोकापर्यंत स्वतःच्या नखांवर चढून जायचं असतं. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीवरून ती घसरतात आणि आतच उपाशी मरतात. समोरच्या फळीला आतून, भोकापासून तळापर्यंत, करवतीने दर अर्ध्या इंचावर आडव्या खाचा मारा. खाच पाव इंच खोल हवी. तारेची जाळीही चालते, पण तिच्या कडा आत दुमडून दर दोन इंचांवर पिन मारा. सुटलेल्या जाळीत पिल्लाचा पाय अडकतो. गोणपाट नको, त्याचे धागे सुटून पायाला गुंडाळले जातात.

आत काय अंथरायचं?

रंध्यातून निघणारे लाकडाचे छिलके, ४ इंच जाडीचे. वरच्या मापाच्या पेटीला साधारण ९ लिटर, म्हणजे १५ लिटरची बादली अर्ध्याहून थोडी जास्त. साळुंकीसारखं चोचीतून गवत आणून गादी करणं हा बदकांचा स्वभाव नाही. ढोलीत आधीच साठलेल्या कुजक्या भुशावर ती अंडी घालतात. तळ उघडा ठेवला तर अंडी घरंगळून कोपऱ्यात जातात आणि सगळ्यांना सारखी ऊब मिळत नाही.

करवतीचा बारीक भुसा घेऊ नका. ओल लागली की त्याचा गोळा होतो. सोयाबीनचं भुसकट, कडब्याची कुट्टी, वाळलं गवत यांना पावसाळ्यात बुरशी येते, आणि तिचे कण पिल्लांच्या फुफ्फुसात जातात. छिलके आणताना सुताराकडे पॉलिश केलेल्या किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचे नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

पेटी कुठे लावायची, तोंड कुठे करायचं?

पाण्यावर उभ्या खांबावर, किंवा काठापासून शंभर फुटांच्या आत. भोकासमोर उडत यायला मोकळी जागा हवी. फांद्यांच्या जाळीत शिरून बदक पेटी शोधत नाही. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो. तिकडे तोंड केलं तर जोराच्या पावसात छिलके भिजतात, शिवाय दुपारचं ऊन थेट आत येतं.

खाली काय आहे तेही बघा. पिल्लं वरून उडी मारणार आहेत. खाली पाणी, चिखल किंवा गवत असेल तर काही होत नाही. बांधाच्या दगडी पिचिंगवर (उतारावर रचलेल्या दगडांवर) किंवा सांडव्याच्या काँक्रीटवर पेटी लावू नये. पेटी आणि पाणी यांच्यामध्ये गाडीरस्ता नको.

काळ्या मातीत खांब कलतो. काय करायचं?

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या मातीत रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. तीन फूट खोल, दीड फूट रुंद खड्डा घ्या. दोन इंची लोखंडी पाइप मधोमध धरून भोवती मुरूम आणि दगड थराथराने धुमसून भरा, वरचा एक फूट काँक्रीट. निघालेली काळी माती खड्ड्यात परत घालू नका. पाइपच्या बुडाला आडवी पट्टी वेल्ड करून घेतली तर तो फिरत नाही. लाकडी डांब आणि बांबू वाळवी खाते.

यासाठी मे महिना उत्तम. तळ्याचा तळ उघडा पडलेला असतो आणि पाण्यात न उतरता खांब रोवता येतो. पिचिंगच्या दगडांवर गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ दिसते किंवा सांडव्याची पातळी माहीत असते. तळं भरल्यावर जिथे दोन-तीन फूट पाणी असेल ती जागा निवडा. पेटीचा तळ त्या भरल्या पातळीच्या किमान ४ फूट वर हवा. जमिनीवरच्या खांबावर ८ फूट.

साप, मुंगूस, घोरपड यांना कसं अडवायचं?

अडसर न लावता पेटी लावू नये. हा एक नियम मोडला तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. मांजर, मुंगूस, उंदीर आणि घोरपडीसाठी ३ फूट व्यासाची, २४ गेज पत्र्याची शंकूसारखी टोपी खांबाला, पेटीच्या खाली, उलट्या छत्रीसारखी नव्हे तर उघड्या छत्रीसारखी बसवा. पण धामण सहा-सात फुटांची सहज असते आणि ती या टोपीची कड ओलांडू शकते. तिच्यासाठी ८ इंची पीव्हीसी पाइपचा ४ फुटी तुकडा खांबावर घाला. वरचं तोंड पत्र्याने किंवा लाकडी चकतीने पूर्ण बंद हवं, नाहीतर साप आतल्या पोकळीतून चढतो. एवढ्या जाड आणि गुळगुळीत पाइपला त्याला वेटोळं घट्ट धरता येत नाही.

खांबाला ग्रीस लावू नका. उन्हात ते पातळ होऊन ओघळतं, पक्ष्यांच्या पायांना आणि पिसांना लागतं, आणि धूळ बसली की साप त्यावरूनही चढतो.

झाडावरच्या पेटीला खोडाभोवती ३ फूट रुंद पत्रा गुंडाळा. त्याला स्प्रिंग किंवा सैल तार लावा, म्हणजे खोड वाढलं तरी काचत नाही. शेजारच्या झाडाच्या फांद्या टेकत असतील तर पत्र्याचा काही उपयोग नाही. ८-१० फुटांच्या आतली टेकणारी फांदी छाटा. खांबाजवळ वाढलेली वेडी बाभूळ आणि बेशरमही दरवर्षी मेमध्ये तोडावी लागते, कारण एका पावसाळ्यात ती अडसरीच्या वर जाते.

कावळ्यासाठी एकच उपाय: भोकाखाली बाहेरून बसायची काडी लावू नका. बदकाला ती लागत नाही. कावळ्याला मात्र तीवर बसून आत डोकावता येतं.

एका तळ्यावर किती पेट्या?

दोन-चार एकरांच्या तळ्याला दोनच. दोन पेट्यांत किमान दोनशे-अडीचशे फूट अंतर, आणि एकीचं भोक दुसरीवरून दिसू नये. जवळजवळ लावलेल्या पेट्यांत दुसऱ्या माद्या येऊन अंडी टाकून जातात. अमेरिकेतल्या वूड डक आणि काळ्या पोटाच्या अडईत हे भरपूर नोंदलं गेलं आहे. एका पेटीत तीस-चाळीस अंडी साठतात, बसणाऱ्या पक्ष्याच्या अंगाखाली ती मावत नाहीत आणि बरीच कुजतात. एकाच खांबावर चार पेट्या दिसायला छान दिसतात, पण त्यामुळे बदकांचं नुकसानच होतं.

वर्षभरात कधी काय करायचं?

कामं दोनदाच. पहिलं डिसेंबर-जानेवारीत: पेटी उघडणं, जुने छिलके काढणं, धुणं, वाळवणं, नोंद करणं. दुसरं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात: नवे छिलके, स्क्रू आवळणं, अडसर तपासणं, झाडोरा छाटणं, भोकासमोरचं कोळ्याचं जाळं काढणं. मृगाच्या आधी सगळं संपलं पाहिजे.

जून ते ऑक्टोबर पेटीला हात लावायचा नाही. बघायचं असेल तर दीडशे-दोनशे फुटांवरून दुर्बिणीने, सकाळी किंवा तिन्हीसांजेला. शिडी लावून मोबाइलने आतला फोटो काढणं हे घरटं सोडून जाण्याचं सर्वांत साधं कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत, अंडी कमी असताना, पक्षी सहज निघून जातो. शिवाय कावळा सगळं बघत असतो.

साफ करताना नेमकं काय करायचं?

तोंडाला मास्क, हातात मोजे. आधी भोकावर काठीने हलकं ठोका. आत नाग किंवा धामण असू शकते. दार शरीरापासून लांब धरून उघडा आणि शिडीवर चेहरा भोकाच्या समोर ठेवू नका. कोरड्या विष्ठेची धूळ उडू नये म्हणून छिलक्यांवर आधी पाणी शिंपडा.

सगळं गोणीत काढून खाली पसरा आणि नीट बघा. पावसाळ्यात आत काय झालं ते तिथे दिसतं. कवचाचे तुकडे आणि त्यांच्यापासून सुटलेला, चामड्यासारखा चिवट पांढुरका पापुद्रा मिळाला, तर पिल्लं निघाली. पापुद्रे मोजले की साधारण किती अंडी फुटली ते कळतं. अखंड, हलकी, हलवल्यावर आत खुळखुळणारी अंडी म्हणजे न उबलेली. आत बाकी सगळं ठीक असताना एक-दोन अशी निघणारच. चिरडलेली, चाटलेली कवचं, पिवळ्या बलकाचे वाळलेले डाग, भोकावर नखांचे ओरखडे असं दिसलं तर मुंगूस, मांजर किंवा उंदीर येऊन गेला. छिलक्यांत खोलगट बसलेली जागा आहे, एखाद-दुसरं पीस आहे, पण कवचाचा एक कणही नाही? मग पहिला संशय सापावर, कारण तो अंडी अख्खी गिळतो. भोकाखाली चपटी, वाळलेली पिल्लं सापडली तर खाचा कमी पडल्या.

नंतर पेटी उकळत्या पाण्याने धुवा, ताठ ब्रशने घासा, दार उघडं टाकून दोन दिवस ऊन द्या. गोचिडी आणि पिसवांना एवढं पुरतं. गोठ्यात मारायचं कीटकनाशक, उंदराचं औषध, डांबरगोळ्या, कुठलीही पावडर आत टाकू नका. जुने छिलके पेटीखाली न टाकता लांब पुरा, नाहीतर वासाने मुंग्या आणि मुंगूस तिथेच येतात.

उन्हाळ्यात पेटी तापते. काही करावं लागतं का?

मे महिन्यात आत कोणी नसतं, त्यामुळे त्या उन्हाची काळजी कमी. खरी अडचण पावसाने ओढ दिल्यावरची. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस आभाळ उघडं राहिलं की छत तापतं. म्हणून छतावर दोन बोटं अंतर ठेवून दुसरा पत्रा लावा. चार कोपऱ्यांत लाकडी ठोकळे आणि त्यावर पांढरा रंगवलेला पत्रा. मधून वारा जातो आणि फळी सावलीत राहते. नुसत्या पत्र्याची पेटी किंवा कापलेला निळा प्लास्टिकचा ड्रम आपल्या हवेत वापरू नये.

पेटीत साळुंकी, पिंगळा, मधमाश्या आल्या. काढायच्या का?

पिंगळा किंवा गव्हाणी घुबड बसलं असेल तर राहू द्या. शेताला त्यांचा मोठा उपयोग आहे आणि त्यांचीही घरटी कायद्याने संरक्षित आहेत. साळुंकीची पिल्लं उडून गेल्यावर, मेच्या शेवटी, गवताचा पसारा काढा. सातेरी मधमाश्यांनी पोळं केलं तर स्वतः हात घालू नका आणि जाळू तर मुळीच नका. मधपाळाला बोलावून वसाहत पेटीत हलवून घ्या. गांधीलमाश्यांसाठी छताला आतून कोरडा कपड्यांचा साबण घासून ठेवतात. त्यावर त्यांच्या घराचा देठ चिकटत नाही.

अंडी थंड आहेत, पक्षी दिसत नाही. घरटं सोडलं का?

बहुधा नाही. मादी जवळपास रोज एक अशी अंडी घालते आणि सगळी घालून होईपर्यंत उबवायला बसत नाही. सात ते बारा अंडी व्हायला दीड-दोन आठवडे जातात. तोवर अंडी थंडच असतात. उशिरा घातलेलं आणि आधी घातलेलं अंडं एकाच दिवशी फुटावं म्हणून ही व्यवस्था आहे. पुढे उबवायला तीन ते चार आठवडे. अडईत नर आणि मादी दोघंही बसतात. अंडी कोंबडीखाली ठेवणं, घरी नेणं असं काही करू नका.

पिल्लं खाली पडली आहेत. परत वर ठेवावीत का?

ती पडली नाहीत, उतरली आहेत. फुटल्यावर एका दिवसाच्या आत-बाहेर आई-बाप खालून साद घालतात आणि पिल्लं एकामागून एक उडी मारतात. वजन नसल्यासारखंच असतं, अंगावर लव असते, आठ-दहा फुटांवरून काही होत नाही. बाजूला व्हा, कुत्र्यांना धरा. एखादं मागे राहिलं तर त्याच्या थव्याच्या दिशेने काठावर सोडा. आई-बाप खरोखरच नसतील तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शेततळ्यावर पेटी चालेल का?

मातीच्या, तिरप्या काठाच्या शेततळ्यावर चालेल. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर नको. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याचा ताठ, शेवाळलेला प्लास्टिकचा उतार पिल्लांना चढता येत नाही. आत खायलाही काही नसतं. ती पोहून थकतात आणि बुडतात. आखाड्याजवळ (शेतातल्या घराजवळ) असं तळं असेल आणि बदकं आपणहून उतरत असतील, तर चारही कोपऱ्यांत काथ्याची चटई किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी वरच्या कडेपासून पाण्याखाली तीन फुटांपर्यंत सोडा. घोरपड, ससा, खार आणि चुकून पडलेलं मूल यांनाही तिचा आधार होतो. मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी यासाठी वापरू नका, तिच्यात पाय अडकतात.

दुष्काळात तळं भरलंच नाही तर?

पेटी तशीच राहू द्या. पाणी नसेल तर बदकं त्या वर्षी वीण करत नाहीत किंवा परतीच्या पावसावर, सप्टेंबरमध्ये, उशिरा करतात. अशा वर्षी पेटी नोव्हेंबरअखेरपर्यंत उघडू नका. तळं कोरडं असताना खांबाखाली गुरं, कुत्री, माणसं सहज पोहोचतात आणि पाइप-पत्रा चोरीला जातो. म्हणून अडसरीचे बोल्ट वेल्डिंगने पक्के करून घ्या. गाळ काढायला आलेल्या जेसीबीवाल्याला खांब आधी दाखवा.

बर्ड फ्लूची भीती आहे का?

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्यांत आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळ्यांत तो आढळला होता. पेटीमुळे तो येत नाही, पण साफसफाईचा काळही जानेवारीचाच, म्हणून शिस्त पाळा. पेटी साफ केलेले बूट आणि कपडे घालून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊ नका. तळ्यावर एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

परवानगी लागते का?

स्वतःच्या रानात नाही. गावतळ्याला ग्रामपंचायतीची, पाझर तलाव आणि धरणाला ज्या खात्याचा तो आहे त्याची. जायकवाडी पक्षी अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही लावता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्यांना इजा करणं आणि घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, म्हणून आपणच लावलेली पेटीही विणीच्या काळात मनाला येईल तशी उघडता येत नाही. मच्छीमार सोसायटी असेल तर तिच्याशी आधी बोला. पेटीच्या आसपास पन्नास फुटांत जाळं न लावण्याचं कबूल करून घ्या.

दोन वर्षं झाली, पेटी रिकामीच आहे.

तीन पावसाळे थांबा. तोवर हे बघा: पावसाळ्यात तळ्यावर अडईची जोडी दिसते का? नसेल तर पेटीचा दोष नाही. काठावर पाणकणीस, पाणवनस्पती, उथळ भाग आहे का? जोडी दिसते पण पेटीकडे येत नाही, तर भोकासमोरची फांदी, खालचा धुण्याचा घाट, रात्रीचा दिवा यांपैकी काहीतरी आड येत असणार. दिवा विशेष बघा, कारण अडई रात्री जास्त फिरते. तीन पावसाळ्यांनंतरही काही नसेल तर मेमध्ये खांब काढून दुसऱ्या काठाला रोवा. फळी मऊ पडली असेल, स्क्रू हाताने फिरत असतील किंवा तळातून उजेड दिसत असेल, तर मात्र दुरुस्ती न करता पेटी उतरवा आणि त्याच खांबावर नवी चढवा.